होळीच्या आधी एक वही आण

मनू, दोघांचा पगार येतो, चैनही फारशी नाही आणि तरी वीस तारखेला खातं रिकामं होतं, असं तू म्हणालीस. तेव्हापासून तुझाच विचार डोक्यात आहे. नव्या संसारात असं होतंच, म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही. घरात पैशावरून एकदा कुरबुर सुरू झाली की तिला घर सोडायला फार वेळ लागतो. म्हणून आज सगळं सविस्तर सांगते. चहा घेऊन बस.

फ्रिज घेताना तुम्ही दोघं चार दुकानं हिंडलात. तेल, साखर, साबण, चहापत्ती घेताना मात्र कुणीच हिंडत नाही. संपलं की मोबाइल उघडायचा आणि मागवायचं. पैसे याच वाटेने जातात. तेव्हा आधी एक साधी वही आण, अॅप नको. तिच्यात खर्च लिहू नकोस, काय किती दिवसांत संपलं ते लिही. तेलाची पिशवी फोडली की तारीख टाक, संपली की पुन्हा टाक. साखर, तूरडाळ, तांदूळ, भांडी घासायचा साबण, सगळ्याचं तसंच. दोन-तीन महिन्यांत तुझ्या घराची भूक तुला कळेल. ती कळल्याशिवाय कुठलीही सवलत खरी की खोटी हे सांगता येत नाही. लहान घरात पाच किलो साखरेवर सूट असली तरी ती साखर मुंग्यांसाठीच.

वहीच्या दुसऱ्या बाजूला दर लिही, तोही किलोचा किंवा लिटरचा. पाकिटाची किंमत लिहायची नाही. समज, 750 ग्रॅमचं पाकीट 69 रुपयांना आहे आणि किलोचं 96 रुपयांना. मोठं पाकीट स्वस्तच असणार असं आपण धरून चालतो, पण हिशेब केला तर लहान पाकीट किलोला 92 रुपये पडतं. आता बऱ्याच पाकिटांवर ग्रॅमची किंवा किलोची किंमत वेगळी छापलेली असते. अक्षर बारीक असतं, पण शोध. तेलाच्या पिशवीवर तर नीट बघ. एक लिटर तेल वजनाला साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारी तशीच दिसणारी, जरा स्वस्त पिशवी असते आणि तिच्यात 850 किंवा 800 ग्रॅमच तेल असतं. बिस्किटांच्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांचंही तेच. किंमत तीच राहते आणि ग्रॅम कमी होतात. म्हणून ग्रॅमचा आकडा वाचायची सवय लाव.

छापील किंमत म्हणजे कमाल किंमत, सगळे कर धरून. त्याच्यावर एक रुपयाही कुणी दुकानदार मागू शकत नाही, थंड करून देण्याचासुद्धा नाही. त्याच्या खाली मात्र कितीही उतरता येतं आणि कोपऱ्यावरचा वाणी महिन्याचं सामान एकदम घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी उतरतो. विचारायला लाजू नकोस. मिठाई घेताना खोक्याचं वजन आधी वजा करायला सांग. काजूकतलीच्या भावाने पुठ्ठा कशाला घ्यायचा? तो तुझा हक्क आहे, शांतपणे सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

दहा मिनिटांत घरी येणाऱ्या सामानाबद्दल थोडक्यात सांगते. अडीअडचणीला ते वापर, सवय करू नकोस. पोचवण्याचे पैसे वाचावेत म्हणून आपण दोन जास्तीच्या वस्तू टोपलीत टाकतो आणि त्या दोन वस्तूच महाग पडतात.

आता मुख्य गोष्ट. आपल्या आज्या-आयांना जी गोष्ट पक्की ठाऊक होती आणि आपल्या पिढीने फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर सोडून दिली, ती म्हणजे हंगामाची खरेदी. प्रत्येक जिन्नसाचा वर्षातला एक काळ असतो. त्या काळात माल भरपूर असतो, ताजा असतो आणि भाव खाली असतो. तूर डिसेंबर-जानेवारीपासून निघते, तेव्हा नवी डाळ जानेवारीनंतर बाजारात येते. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. लाल मिरची, हळद, चिंच यांचे दिवस होळीच्या आगेमागे. गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो. लोकवन घे किंवा थोडा महाग सिहोर घे, पण आधी दोन किलो आणून पोळ्या करून बघ, मग पोतं घे. वर्षाचं तिखट आत्ता कर. रंगाला बेडगी, झणझणीतपणाला गुंटूर किंवा लवंगी, असं आपल्या जिभेप्रमाणे मिसळून कडक ऊन दे आणि कांडपावर ने. पाकिटातल्या तिखटापेक्षा ते स्वस्त पडतं की नाही याचा हिशेब तुझ्या वहीत मांड. चवीचा हिशेब मांडायची गरजच पडणार नाही.

तांदळाचं गणित मजेशीर आहे. मावळातला इंद्रायणी दिवाळीनंतर नवा येतो. नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून लोक जुना मागतात आणि दुकानदार जुन्याचे जास्त पैसे लावतो. मग तू डिसेंबर-जानेवारीत नवा घेऊन ठेव. सहा-आठ महिन्यांनी तो तुझ्याच डब्यात जुना झालेला असेल.

कांद्याचं नीट लक्षात ठेव. टिकतो तो उन्हाळ कांदा, मार्च ते मेमध्ये निघणारा. पावसाळ्यातला लाल कांदा साठवायचा नसतो, पंधरा-वीस दिवसांत त्याला कोंब येतात नाहीतर तो सडतो. पावसाळा सरता सरता चाळीतला कांदा संपत येतो आणि नवा अजून आलेला नसतो. भाव चढतो तो त्याच सुमाराला. मे महिन्यात वाळलेला, पक्क्या सालीचा, मानेला बारीक झालेला कांदा घेतलास, बाल्कनीत सावलीला पोत्यावर पसरून ठेवलास आणि आठवड्याला एकदा हात फिरवून सडका काढलास, तर गणपतीपर्यंत तुला भावाची चिंता नाही. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नकोस.

जागा नाही, असं तू म्हणणार. वर्षाचं नको घेऊस, सहा महिन्यांचं घे. मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून एक क्विंटल गहू घ्या आणि वाटून घ्या. ही युक्ती काही माझी नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच करत आली आहे. शेजारची घरं मिळून एक संघ करायचा, मागणी एकत्र नोंदवायची, माल एकत्र आणायचा आणि आपापसात वाटायचा. तुमच्या सोसायटीत भिशी आहेच, त्याच बायकांना विचार. पुण्यात आहेस तर एखाद्या सकाळी मार्केट यार्डच्या भुसार बाजारात जाऊन ये. घ्यायचं नसलं तरी दर वहीत उतरवून आण. एप्रिल-मेमध्ये ठिकठिकाणी धान्य महोत्सव भरतात, तिथे शेतकरीच विकायला बसलेले असतात. सुटं मोजून मिळेल का ते विचार, आणि पैसे देण्याआधी मूठभर दाणे हातावर घेऊन दातांनी फोडून बघ. कडकन फुटला तर वाळलेला आहे.

साठवताना एवढं पाळ. गहू उन्हात वाळवून, गार करून मगच कोठीत भर, मध्ये मध्ये सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाल. डाळीला एरंडेलाचा हात लाव. आणि कुणी धान्यात टाकायला सल्फॉसच्या गोळ्या दिल्या तर घरात घेऊच नकोस. त्यातून विषारी वायू निघतो, बंद फ्लॅटमध्ये जीव जातो. चार किडे परवडले.

भाजीबद्दल माझं ठाम मत आहे. पाटीवाल्या मावशींशी पाच रुपयांवरून घासाघीस करू नकोस. मॉलमध्ये आपण मान खाली घालून पैसे देतो आणि उन्हात बसलेल्या बाईपुढे हुशार होतो, हे मला पटत नाही. भाजीत वाचतं ते वेळ साधल्याने. जोराच्या पावसात मेथी-कोथिंबीर महागते, तेव्हा आठवडाभर मटकी, चवळी, पिठलं कर. हापूस अक्षय्य तृतीयेला एक डझन आण, घरात आनंद व्हायला तेवढे पुरतात, आणि मनसोक्त आमरस मेच्या उत्तरार्धात भाव उतरल्यावर कर. चादरी, टॉवेल, रोजचे कपडे पावसाळी सेलमध्ये घेतलेस तरी चालतं, त्यात फार डोकं घालू नकोस.

विजेच्या वस्तूंवर मोठ्या सवलती लागतात तेव्हा वस्तूवरची ताऱ्यांची पट्टी वाच आणि तिच्यावरचं वर्षही वाच. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात, म्हणून जुन्या शिलकी मालावरचे पाच तारे आजच्या पाचाइतके नसतात. फ्रिज दिवसरात्र चालतो, विकत घेताना वाचलेले पैसे तो विजेच्या बिलातून परत घेऊ शकतो.

औषधांसाठी डॉक्टरांना सरळ विचार, "याच घटकाचं जेनेरिक चालेल का?" हो म्हणाले तर जनऔषधी केंद्रात जा. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या दर महिन्याला लागतात, तिथे फरक मोठा पडतो. मात्र मनाने औषध बदलायचं नाही.

गॅसची नळी, कुकरची रिंग, हेल्मेट, पायातल्या चपला, यांत स्वस्त शोधू नकोस. आणि मनू, आणखी एका जागी काटकसर करू नकोस, ती जागा तू स्वतः आहेस. आपल्याकडच्या बायका बचत करतात ती बहुतेक वेळा आपल्याच ताटातून. फळ बाकीच्यांना, शिळी पोळी आपल्याला. चष्म्याचा नंबर वाढला तरी पुढच्या महिन्यात बघू. रक्त तपासायचं राहूनच जातं. आईने आयुष्यभर हेच केलं आणि आपण दोघींनी ते पाहिलं आहे. तू करायचं नाहीस. वहीत तुझ्या फळांची, दुधाची ओळ सगळ्यात वर लिही. आणि वही तू एकटीने भरायची नाही. रविवारी नवऱ्यालाही बसव. दर त्याला पाठ झाले की बाजारातही तोच जाईल.

होळी झाली की मी गव्हाचे दर काढायला लागते. तुझ्या मजल्यावरच्या कोण कोण घेणार आणि किती किलो, ते गुढीपाडव्यापर्यंत कळव. कोठी घाईने विकत घेऊ नकोस, माझ्या माळ्यावर एक पत्र्याची रिकामी आहे, पन्नास किलोची. ती घेऊन जा.