गॅस गिझर बसवून देणं हा धंदा आहे, चालू करून तपासून देणं हा खरा धंदा आहे

मागच्या व्हिडिओत आपण हिवाळी मालाचं गणित पाहिलं. आमच्या पिपरी मेघेत उन्हाळ्यात कूलर आणि नोव्हेंबर लागला की गिझर, हे ठरलेलं. व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "भाऊ, गिझर विकण्यात मार्जिन कमी आहे, मग फिटिंगचं काम घ्यावं का?" घ्या. पण आधी हे वाचा.

माझी सुरुवातीची एक चूक सांगतो. दुकान टाकून दोन वर्षं झाली होती. भाड्याने खोल्या देणाऱ्या एका काकांकडे गिझर बसवायचा होता. मी म्हटलं, बाहेर गॅलरीत लावू. काका म्हणाले, "काऊन हो भाऊ, बाहेर लावला तर चोर नेईन ना!" गिऱ्हाईक सोडवेना, म्हणून बाथरूममध्येच लावून दिला. ज्योत पेटली, पाणी गरम आलं, मी पैसे घेऊन निघालो. जानेवारीत तिथला एक विद्यार्थी अंघोळ करताना चक्कर येऊन पडला. दाराची कडी सैल होती म्हणून पोरांनी ढकलून बाहेर काढला आणि तो वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुंबईत बोरिवलीला जानेवारी २०२० मध्ये अशाच बाथरूममध्ये एका १५ वर्षांच्या मुलीचा जीव गेला होता.

असं का होतं, ते आकड्यात समजून घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाला पटवता येईल. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला गिझर तासाला साधारण १ किलो गॅस खातो. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत २ घनमीटर. आता ५ बाय ६ फुटाचं, ८ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात हवाच जेमतेम ७ घनमीटर! दार-खिडकी बंद असेल तर जवळपास तीस टक्के हवेतला ऑक्सिजन एका अंघोळीत गिझर खाऊन टाकतो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. माणसाला कळतच नाही, आधी डोकं जड होतं आणि मग पाय जातात.

म्हणून आमचा पहिला नियम: गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, पण बाथरूमच्या खिडकीला लागून नाही. चोरीची भीती असेल तर लोखंडी जाळीचा पिंजरा करून द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या. ज्याला आतच पाहिजे त्याला मी हात जोडतो. वर्षाला पाच-सहा कामं जातात, जाऊ द्या.

आता चालू करायची पद्धत. ब्रिटनमध्ये घरात गॅसचा बॉयलर बसवला की तो चालू करून, दाब-धूर मोजून, आकडे कागदावर लिहूनच ताब्यात देतात, आणि ते काम २००९ पासून 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंद असलेल्या कारागिरानेच करायचं असतं. आपल्याकडे बॉयलर नाही, पण हा कागद आपणही करू शकतो.

आधी माल बघा. गिझरवर आयएसआय खूण पाहिजे, नळी केशरी सुरक्षा होज, दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून घातलेली तर बिलकूल नको. अंतर जास्त असेल तर तांब्याचा पाइप टाका. मग पाणी सोडा, गॅस नाही. जाळीतला कचरा निघू द्या. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा खार बसतो, त्यामुळे जुन्या गिझरची जाळी दरवेळी काढून धुवा.

त्यानंतर गळती. साबणाचा फेस प्रत्येक जोडावर लावा. काडी ओढून बघणारा पोरगा दिसला तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवा. फेसावरच थांबू नका. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरा आणि एक टोक टी-जॉइंटने लाइनला जोडा. घरगुती रेग्युलेटरचा दाब पाण्याच्या साधारण ३० सेंटिमीटर उंचीइतका असतो. रेग्युलेटर बंद करून पाच मिनिटं पातळी बघा. हलली तर गळती आहे, शोधा. मग गिझर आणि शेगडी दोन्ही चालू करून परत बघा. दाब फार पडला तर नळी दबलेली असते किंवा रेग्युलेटर कमजोर असतो. हे यंत्र शंभर रुपयांत बनतं!

आता पेटवा. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, काजळी धरणारी असेल तर काम थांबवा. पाण्याचा नळ बंद केला की ज्योत लगेच विझली पाहिजे. चालू असताना सेल काढा, तरी विझली पाहिजे. गॅसचा कॉक बंद करून ज्योत विझवा आणि थोड्या वेळाने कॉक परत उघडा. ठिणगी न पडता गॅस सुटत राहिला तर तो गिझर दुकानात परत.

शेवटी कार्बन मोनॉक्साइडचा मीटर. काही हजारांत मिळतो, घेतलाच पाहिजे. गिझर दहा मिनिटं चालवा, बाथरूमचं दार लावून ठेवा, मीटर आत, तुम्ही बाहेर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शनात घरातल्या हवेसाठी एका तासाची मर्यादा मीटरवर साधारण ३० भरते. पण मी ३० ची वाट बघत नाही. आकडा शून्यावरून चढत चालला की गिझर बंद, जागा बदला.

जुन्या, आतच बसवलेल्या गिझरची सर्व्हिस आली तर? तिथे वर आणि खाली दोन्हीकडे झरोके लागतात. गरम धूर वर जातो, पण गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीवर साचतो. एकच खिडकी असलेल्या बाथरूममधल्या गिझरच्या सर्व्हिसला मी हात लावत नाही, हलवायचा अंदाज देऊन येतो.

आता पैशाचं. फिटिंगचे आम्ही साडेतीनशे घेतो, तपासणीचे वेगळे अडीचशे, बिलावर वेगळ्या ओळीत. पहिल्या वर्षी लोक घासाघीस करतात, मग दाब, ज्योत आणि मीटरचे आकडे लिहिलेला कागद भिंतीवर लावलेला बघून शेजारीच फोन करतात. कागदाची एक प्रत तारीख आणि गिऱ्हाइकाच्या सहीसकट दुकानात ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये विक्रेता आणि सर्व्हिस देणारा, दोघांवरही जबाबदारी येऊ शकते, धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही म्हणूनसुद्धा. कागदावर खाली मोठ्या अक्षरात गॅस गळतीचा हेल्पलाइन नंबर १९०६ छापा.

त्या काकांचा गिझर मी दुसऱ्याच दिवशी स्वखर्चाने गॅलरीत हलवला, जाळी पण लावली. अजून चोरीला गेला नाही. पुढच्या व्हिडिओत तो यू नळीचा गेज बनवून दाखवतो, तोवर दोन मीटर पारदर्शक नळी आणून ठेवा.