‘तुजो गांव खंयचो?’ : डिचोली-पेडण्यातील परप्रांतीयांच्या स्वीकाराचा एक अभ्यास

समाजशास्त्राच्या पुस्तकांत ‘स्वीकार’ हा शब्द वारंवार भेटतो. परंतु तो मोजावयाचा कसा, हे सहसा सांगितलेले नसते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मोजता न येणाऱ्या गोष्टींबद्दल मला थोडा संशय वाटतो. म्हणून प्रस्तुत लेखात मी एवढेच पाहिले आहे : परका माणूस खेड्यात राहावयास आला तर त्याच्या श्रमाला, भाषेला आणि अखेरीस त्याच्या पत्त्याला गाव केव्हा आपले म्हणते? इंग्लंड-अमेरिकेतील गोऱ्या वस्तीच्या खेड्यांत हा प्रश्न मुख्यतः कातडीच्या रंगावरून निघतो. आपल्याकडे तो ‘गाव कोणता?’ येथून निघतो. अभ्यासासाठी मी गोव्यातील डिचोली व पेडणे हे दोन तालुके घेतले, याचे कारण उघड आहे. माझा जन्म डिचोलीचा, घरची भाषा कन्नड आणि शाळा सरकारी मराठी. आप्पा 1996 साली धारवाड जिल्ह्यातून खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून आले आणि तेथेच राहिले. तेव्हा मी त्रयस्थ निरीक्षक नाही, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

गोव्यात आमच्यासारख्यांना ‘घाटी’ म्हणतात. अर्थ सरळ : घाटावरून आलेला. या शब्दात धारवाडचा लमाणी, विजापूरचा गवंडी आणि साताऱ्याचा मराठा असे सर्व सामावतात. मुंबईत हाच शब्द देशावरच्या मराठी माणसाला लावला जातो, हे बेळगावच्या वाचकांना सांगावयास नकोच. त्याच मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला ‘मकापाव’ म्हणून चिडवीत असत. धोबीतलावाच्या बाजूला गोव्यातील गावागावांच्या ज्या ‘कुडी’ निघाल्या, त्या एकटे पडलेल्या गावकऱ्यांना आसरा मिळावा म्हणूनच. म्हणजे घाटी म्हणणाराही कोठेतरी घाटी असतोच. पण ज्याला तो शब्द रोज ऐकावा लागतो, त्याचे या विचाराने फारसे समाधान होत नाही, हेही खरे.

आता दुसरी बाजू पाहू. 1961 मध्ये मुक्तीच्या वेळी गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत होती. 2011 च्या जनगणनेत ती साडेचौदा लाखांच्या वर गेली. एवढ्या लहान प्रदेशाला भीती वाटली तर नवल नाही. त्याच जनगणनेत कन्नड ही मातृभाषा सांगणारे पाच टक्क्यांच्या आत आहेत. भीती खरी आहे. तिचा रोख मात्र तपासून पाहावा लागतो. मोपा येथील विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने सुटू लागली आणि पेडणे तालुक्यात जमिनीला जो भाव आला, तो तेथील शेतकऱ्याच्या मुलाच्या आवाक्याबाहेर गेला. ही जमीन घेणारे दिल्ली-मुंबईचे पैसेवाले आहेत. त्यांच्या बंगल्याचा चिरा वाहणारा मात्र घाटी, आणि गावाला रोज दिसतो तो हाच. बंगल्याचा मालक वर्षातून पंधरा दिवस येतो.

पेडण्याच्या किनाऱ्यावर तर हा फरक फारच उघडपणे दिसतो. मोरजीला रशियन पर्यटक इतके येऊ लागले की हॉटेलांच्या पाट्या आणि खाण्याची यादी रशियन लिपीत लागली. परदेशी लोकांनी घेतलेल्या जमिनींवरून तक्रारी झाल्या, नाही असे नाही. परंतु रस्त्यात भेटलेल्या रशियन माणसाला कोणी गाव विचारीत नाही. तो पाहुणा असतो. त्याच वाळूत मण्यांच्या माळा विकणारी लमाणी बाई अनेक वर्षे दर मोसमात येते, तिला चांगली कोंकणी येते, आणि ती मात्र ‘भायली’. तेव्हा रंगाचा संबंध आपल्याकडे अगदीच नाही, हे वर केलेले विधान मला थोडे मागे घ्यावे लागेल.

श्रमाचा स्वीकार सर्वांत लवकर होतो. 2000 नंतर चीनकडून लोहखनिजाला मागणी वाढली तेव्हा डिचोली तालुक्यात शिरगाव, मये, मुळगावच्या बाजूला ट्रकांची रांग संपत नसे. ट्रक गावच्या माणसाचा, बँकेचे कर्जही त्याचेच. चालक किंवा क्लीनर पुष्कळदा घाटावरचा. हिशेब चोख असे. चतुर्थीला मालकाकडून नेवऱ्या येत, आमच्याकडून त्यांच्याकडे होळीगे जात. पुढे 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र उभे राहीनात. त्या वर्षी ‘हे लोक आता आपल्या गावी का जात नाहीत?’ असे मी प्रथम ऐकले. मी सात वर्षांचा होतो आणि आपला गाव म्हणजे हाच नव्हे काय, असा मला प्रश्न पडला होता. बोलणारा वाईट माणूस नव्हता. त्याचे दोन ट्रक गंजत होते. आप्पा मग पेडण्याच्या बाजूला गवंड्याच्या हाताखाली जाऊ लागले.

भाषेची हकीकत मला अधिक बोलकी वाटते. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या काळात गोव्याच्या खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पेडणे व डिचोली हे तालुके मराठीवर विशेष प्रेम करणारे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला, पण या भागाने विलीनीकरणाच्या बाजूने मते टाकली होती. तरीसुद्धा येथील मुलाची घरची बोली कोंकणीच. वर्गात तो ‘म्हाका कळना’ म्हणे आणि बाई त्याला ‘मला कळत नाही’ असे सुधारून देत. मी ‘माझा वही’ म्हणे, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. बाई मलाही सुधारीत. वर्गातील मराठी ही जवळजवळ कोणाच्याच घरची नव्हती. त्याला दोन पायऱ्या चढाव्या लागत, मला चार. पण चढावे दोघांनाही लागत होते. माझ्या आयुष्यात मला बरोबरीने वागविणारी पहिली जागा ती. चौथीत शुद्धलेखनात मला पहिला क्रमांक मिळाला तेव्हा बाकावरचा मित्र म्हणाला, ‘‘तूं घाटी कसोच दिसना!’’ त्याला हे कौतुक वाटले होते, आणि मलाही. त्याचा अर्थ लागावयास पुष्कळ वर्षे गेली.

यापुढची पायरी म्हणजे पत्ता, आणि येथे गाडी अडते. एका घरमालकाकडे आम्ही नऊ वर्षे भाडे भरले. पावती एकदाही मिळाली नाही. शिधापत्रिकेसाठी ना-हरकत पत्र मागितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘आज कागद दिला तर उद्या घर मागाल.’’ माणूस प्रेमळ. आई आजारी असताना रात्री स्कूटर काढून दवाखान्यात नेणारा. पण प्रेम निराळे आणि कागद निराळा, हा धडा मी हिशेबशास्त्र शिकण्यापूर्वीच शिकलो.

यामागे केवळ अविश्वास नाही, जुनी ग्रामव्यवस्थाही आहे. गोव्यात गावकरी ही वंशपरंपरेने चालते. शेजारच्या गावातून शंभर वर्षांपूर्वी आलेल्या कुटुंबालाही गावकाराचा मान नाही. देवळाचे महाजनपणही तसेच. म्हणजे ‘भायलो’ ही कल्पना घाटी येण्यापूर्वीची आहे. गंमत अशी की, डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर हा देवसुद्धा मूळचा येथला नव्हे. तो दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ मोडले तेव्हा भक्तांनी त्याला नदीपार आणले आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ बांधविले. हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव, आणि त्या कदंबांचे शिलालेख संस्कृतात आहेत तसेच कन्नडमध्येही आहेत. चोर्ला घाटातून मला कॉलेजला आणणाऱ्या बसवरही त्यांचेच नाव असते. शेजारी बसलेला प्रवासी मला गाव विचारतो तेव्हा हे सांगावेसे वाटते, पण सांगत नाही.

30 जुलै 2021 रोजी गोवा विधानसभेने ‘भूमिपुत्र अधिकारिणी’ विधेयक संमत केले. तीस वर्षे राज्यात राहिलेल्यास भूमिपुत्र मानावे आणि 1 एप्रिल 2019 पूर्वी बांधलेल्या, 250 चौरस मीटरपर्यंतच्या घराचा हक्क त्याला मागता यावा, अशी त्यात तरतूद होती. गोवाभर संताप उसळला. भूमिपुत्र आम्ही, असे आदिवासी समाजाने बजावले, आणि त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. मुख्यमंत्री प्रमोद सावंत आमच्याच तालुक्यातील साखळीचे आमदार. त्यांनी ‘भूमिपुत्र’ हा शब्द वगळण्याचे जाहीर केले आणि पुढे विधेयकच बाजूला पडले. जमिनीच्या तरतुदींवर आक्षेप होतेच, परंतु लोकांना सर्वांत जास्त बोचला तो शब्द. माझ्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत झाली. राहणाऱ्याला राहण्याचा कागद हवा होता. सरकारने त्याला पुत्र करावयास घेतले. कोणाचा पुत्र व्हावे, हे विधानसभेत ठरत नसते. आप्पांना त्या वर्षी पंचवीस वर्षे झाली होती. ते त्या सभेचे वृत्त ऐकून म्हणाले, ‘‘मला पुत्र नको, वीजबिल माझ्या नावावर हवे.’’

गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली हजारो माणसे स्विंडन शहरात राहतात. 23 जून 2016 च्या मतदानात त्या शहराचे बहुमत युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने पडले. तेथे राहावयाचे तर काय कागद लागेल, ही काळजी मग गोव्यातील घराघरांत सुरू झाली. आमच्या आळीतील एका आजीचा नातू तेथे गोदामात काम करतो. ‘‘तीही माणसे त्याला विचारतात रे, तू मूळचा कुठला म्हणून,’’ असे ती आईला सांगत होती. आई नुसती हसली. त्या दिवसापासून त्या दोघींचे बरे जमते.

गोव्यात सरकारी नोकरीच्या अर्जाला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, शिवाय कोंकणीचे ज्ञान. कोंकणी मला येते. आमच्याकडे भाड्याची पावती नाही, पण प्राथमिक शाळेच्या हजेरीपटात पहिलीपासून माझे नाव आहे, आणि बाईंनी उतारा देण्याचे कबूल केले आहे. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की मी तो घेऊन डिचोलीच्या मामलेदार कचेरीत जाणार आहे. बेळगावात काढलेली ही तीन वर्षे ते त्यात धरतात की वजा करतात, ते तेव्हा कळेल.