क्लाउडच्या खालचा मजला

पुणे

चि. सोन्या,



तुझा मेसेज वाचला. एका दमात तीन प्रश्न विचारलेस: क्लाउडचा तो महागडा कोर्स लावू का, व्हर्च्युअलायझेशन शिकून आज कुणी विचारतं का, आणि फोन रूट केला तर काय बिघडेल. एवढं सगळं अंगठ्याने टाइप करण्याची माझ्यात चिकाटी नाही, म्हणून हे पत्र.

कोर्स लावू नकोस. निदान या वर्षी तरी नको. तिथे कुठलं बटण कुठे आहे ते शिकवतात, आणि ती बटणं कंपन्या मनाला येईल तेव्हा हलवतात. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांकडे प्रशस्तिपत्रांची चवड असते. मी त्यांना एक साधा प्रश्न विचारते. लिनक्स सर्व्हरची डिस्क भरली अशी ओरड झाली. 'डीएफ' सांगतं, शंभर टक्के भरली. तू भलीमोठी लॉग फाइल उडवलीस, तरी 'डीएफ'चा आकडा जागचा हलत नाही. 'डीयू'ने मोजलं तर मात्र जागा रिकामी दिसते. आता काय करशील? बहुतेक जण म्हणतात, डिस्क वाढवून घेऊ. क्लाउडवर ते दोन क्लिकचं काम आणि पैसे कंपनीचे, मग कशाला डोकं चालवा! ज्याने घरच्या मशीनवर हा घोळ एकदा निस्तरलाय तो सांगतो की फाइलचं नाव पुसलं गेलं तरी चालू प्रोग्रामने ती उघडी धरून ठेवली आहे. 'एलएसओएफ'ने तो प्रोग्राम हुडकायचा, तो रीस्टार्ट करायचा, जागा आपोआप सुटते. असा मुलगा भेटला की मी त्याचा बायोडेटा बाजूला ठेवते आणि खऱ्या गप्पा सुरू करते.

माझं म्हणणं एवढंच आहे: वरचा थर खुशाल वापर, पण त्याच्या खालचा थर एकदा तरी स्वतःच्या हाताने उघडून बघ.

हे पुण्यात बसून सांगायला एक कारण आहे. १९८० च्या दशकात भारताला क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता आणि अमेरिका तो द्यायला खळखळ करत होती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात. १९९१ मध्ये त्यांनी 'परम ८०००' उभा केला. ही कथा आपल्याकडे नेहमी छाती फुगवून सांगतात. मला तिच्यातली इंजिनिअरिंगची बाजू जास्त भावते. त्यांनी क्रेसारखा एकच अजस्र प्रोसेसर घडवायचा नाद केला नाही. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर घेतले. या चिपला शेजारच्या चिपशी बोलायला चार जोडण्या अंगच्याच होत्या. एकटी ती चिप क्रेपुढे किस झाड की पत्ती. पण अशा ६४ चिप एकमेकींना जोडल्या आणि गणिताचे तुकडे करून त्यांच्यात वाटले, की चित्र पालटतं. खरी मेहनत त्या वाटपाच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. पाषाणच्या आयआयटीएममध्ये हवामानाच्या अंदाजासाठी २०१८ साली आलेला 'प्रत्यूष' आणि २०२४ चा 'अर्क' हे सुपरकॉम्प्युटरही पुष्कळ यंत्रं जोडूनच बनलेत. यंत्राच्या पोटात काय चालतं हे ज्यांना माहीत होतं, त्यांचं विकत मिळालं नाही म्हणून अडलं नाही.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे याच्या बरोबर उलट: एकाच यंत्राची अनेक करायची. हे काही क्लाउडवाल्यांनी काढलेलं खूळ नव्हे. आयबीएमने १९६० च्या दशकातच महागड्या मेनफ्रेमवर प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र मिळाल्याचा भास निर्माण केला होता, आणि १९७२ मध्ये तो 'व्हीएम/३७०' म्हणून बाजारात आणला. साध्या पीसीच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठीची सोय इंटेल आणि एएमडीने २००५-०६ च्या सुमारास घातली. पुढच्याच वर्षी तीच सोय वापरणारं 'केव्हीएम' लिनक्सच्या गाभ्यात आलं. आता गंमत बघ. गूगलचा क्लाउड केव्हीएमवर चालतो. ॲमेझॉनची 'नायट्रो' यंत्रणा त्यावरच बेतलेली आहे. अँड्रॉइड १३ पासून काही फोनमध्येही तेच केव्हीएम बसलंय. म्हणजे तुझे पहिले दोन प्रश्न आणि तिसरा वेगळे नाहीतच.

तेव्हा कोर्सच्या पैशांतून एक सेकंडहँड ऑफिस डेस्कटॉप घे. सोळा जीबी रॅम असली की पुरे. लखलखते दिवे आणि काचेचं कॅबिनेट नको. केबल, रॅमची पट्टी, साधा मल्टिमीटर यांसाठी तापकीर गल्लीत चक्कर मार, भाव करायला लाजू नकोस. बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू कर. पुष्कळदा ते बंदच असतं आणि मुलं दोन दिवस भलतीकडेच शोधत बसतात. मग प्रॉक्समॉक्स टाक, किंवा नुसतं डेबियन आणि त्यावर केव्हीएम.

आणि मुद्दाम मोडून बघ. सोळा जीबीच्या मशीनवर आठ-आठ जीबीची चार व्हर्च्युअल मशीनं सुरू कर. सुरू होतील! कारण कबूल केलेली रॅम वापरली जाईपर्यंत लिनक्स ती प्रत्यक्षात देतच नाही. आता चौघांतही एकदम मोठं काम लाव. मशीन आधी कण्हेल, मग गाभ्यातला 'ओओएम किलर' उठेल आणि एखादं आख्खं मशीन मारून टाकेल. त्याची नोंद लॉगमध्ये शोधून वाच. मग चारही मशीनांना प्रोसेसरसाठी भांडायला लाव आणि त्यांतल्या एकात 'टॉप' चालव. वरच्या ओळीत शेवटी 'एसटी' असा आकडा दिसेल. तुझं मशीन कामाला तयार होतं पण प्रोसेसर शेजाऱ्याला दिला होता, तो हा वेळ. उद्या भाड्याच्या सर्व्हरवर विनाकारण सुस्ती आली की इतर लोक कोड चाळत बसतील, तू आधी हा आकडा बघशील.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हेही तिथेच शिक. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की मूळ आणि स्नॅपशॉट दोन्ही गेले. हे फक्त घरच्यांना लागू आहे असं समजू नकोस. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला. क्लाउड म्हणजे शेवटी एक इमारत. तिला वीज लागते, गारवा लागतो, डिझेलचे जनरेटर लागतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की आपण पंख्याखालून उठून गॅलरीत जातो. डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या त्या क्षणी भार घेतात आणि जनरेटर सूर धरेपर्यंत तोलतात. मायक्रोसॉफ्टचा 'सेंट्रल इंडिया' हा विभाग २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे. तिथलं मशीन घेऊन ट्रेसराउट चालव. पॅकेट आधी मुंबईला जाऊन पुण्यात परतताना दिसलं तर दचकू नकोस, इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या जोडण्या जिथे असतील तिथूनच वाट जाते.

क्लाउडवर खातं उघडशील तेव्हा सगळ्यात आधी खर्चाची सूचना लाव, मग बाकीचं. ॲझ्युअरवर एक खुबी आहे: मशीनच्या आत शिरून ते शटडाउन केलं तर ते थांबलेलं दिसतं, पण बिल चालूच राहतं. बाहेरच्या पडद्यावरून थांबवून 'डीॲलोकेटेड' झालंय का ते बघावं लागतं. तरीही डिस्कचं भाडं पडतंच. आणि खात्याच्या किल्ल्या चुकूनही गिटहबवर टाकू नकोस. त्या हुडकत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस जागे असतात.

आता फोन. कपाटात पडलेला जुना फोन असेल तर जरूर उघड. बूटलोडर अनलॉक केला की आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा फोटो आधी काढून घे. लिनिएजओएस ही पर्यायी रॉम टाकण्यापूर्वी फोनचं बाजारातलं नाव नव्हे, सांकेतिक नाव जुळव. एकाच नावाच्या दोन फोनमध्ये चिप निराळी असू शकते आणि चुकीची फाइल गेली की हातात वीट राहते. रॉम वगैरे नको असेल तर नुसतं टर्मक्स हे ॲप एफ-ड्रॉइडवरून घे आणि फोनवर छोटा सर्व्हर चालव. मात्र तो चोवीस तास चार्जरला लावून उशीजवळ ठेवू नकोस. बॅटरी फुगते. पाठीमागचं झाकण जरा जरी वर आलेलं दिसलं तर प्रयोग तिथेच थांबव. टोचून बघायचा शहाणपणा करू नकोस.

रूट केलेल्या फोनवर बँकेची ॲप बहुधा रुसतात. त्यांना फसवायचे उपाय मिळतात, पण पैशाच्या फोनवर ते करण्यात अर्थ नाही. सेकंडहँड फोन घेशील तर बिलासकट घे, आणि स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आलेला आयएमईआय क्रमांक सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तपासून मगच पैसे दे. तो क्रमांक बदलायची युक्ती कुणी दाखवली तर तिथून उठून ये. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. 'शिकत होतो' ही सबब तिथे चालत नाही.

डेस्कटॉप आणलास की एखाद्या रविवारी इकडेच घेऊन ये, आपण मिळून उघडू. आणि ज्या फोनवर ताईचं यूपीआय चालतं त्याच्या बूटलोडरला तू हात लावणार नाहीस, एवढं मला उलट टपाली कळव.

तुझी,
मावशी