अंगातले जागल्ये आणि मुलाचा मेंदू

रात्री गाव झोपते. जागल्या मात्र जागा असतो. परका माणूस शिवेत शिरला की तो हटकतो, आरोळी ठोकतो. आपल्या अंगातही असे जागल्ये आहेत. ते फार बारीक असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. रोगाचे जंतू अंगात शिरले की ते त्यांच्याशी झुंजतात. अंग तापते ते पुष्कळदा या झुंजीमुळेच. या ताकदीला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. शब्द लांब आहे. तोडून वाचा : रोग, प्रतिकार, शक्ती.

मेंदूलाही आपले जागल्ये असतात. त्यांना राखणीखेरीज आणखी एक काम असते. आपण बाजरी पेरतो. ती कुठे कुठे फार दाट उगवते. मग आपण विरळणी करतो. जास्तीची रोपे उपटली नाहीत तर कणसे भरत नाहीत. लहान मुलाच्या मेंदूत तसेच होते. मेंदूच्या पेशी एकमेकींना बारीक सांध्यांनी जोडलेल्या असतात. हे सांधे आधी फार दाट उगवतात. मूल पाहते, ऐकते, हसते, रांगते. जे सांधे कामी येतात ते पक्के होतात. बाकीचे काढावे लागतात. या विरळणीला मेंदूतले जागल्ये हातभार लावतात.

काही मुलांचा मेंदू वेगळ्या रीतीने वाढतो. नाव घेऊन हाक मारली तरी मूल वळत नाही. नजरेला नजर देत नाही. चांदोबा दाखवायला बोट करीत नाही. एकच खेळ तासन् तास खेळते. कधी आलेले चार शब्दही जातात. याला स्वमग्नता म्हणतात. डॉक्टर ऑटिझम म्हणतात.

कुणी म्हणते नजर लागली. कुणी म्हणते बाहेरची बाधा झाली. यात तथ्य नाही. आणि फक्त अडाणी माणसेच असे बोलत होती असे समजू नका. १९५० आणि १९६० च्या सुमारास परदेशातले नामांकित डॉक्टरसुद्धा आईलाच बोल लावीत. आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, असे ते म्हणत. तेही खोटे ठरले. किती आयांनी विनाकारण डोळे गाळले असतील!

मग कारण काय? पुष्कळसे कारण रक्ताच्या वारशात असते. आईबापांकडून जे येते, त्यात ते असते. मुळे बहुधा पोटातच रुजतात. शिवाय अंगातल्या जागल्यांचाही काही संबंध दिसतो. २००५ साली अमेरिकेत स्वमग्नता असलेल्या ११ माणसांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर तपासले. त्यांतले जागल्ये जास्तच चेतलेले होते. २०१४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना दिसले की, स्वमग्न मुले मोठी झाली तरी त्यांच्या मेंदूतले सांधे दाटच राहिले होते. विरळणी पुरी झाली नव्हती. पण जागल्ये आधी बिघडले की मेंदू आधी वेगळा झाला, याचा उलगडा अजून व्हायचा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांचे भाऊबंद मुंबईच्या उपनगरांत राहतात. कुणी घाटकोपरच्या टेकडीवर, कुणी मुलुंडला, कुणी अंधेरी-बोरिवलीच्या चाळींत. घाटकोपरच्या एका बाईने आम्हाला विचारले, "ताई, थोरल्याला गोवराची सुई टोचली आणि त्यानंतरच त्याचं बोलणं गेलं. आता धाकटीला टोचू का नको?"

तिची भीती खोटी नव्हती. तिने जे पाहिले तेच ती बोलली. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. गोवर-रुबेलाची पहिली सुई नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. मुले बोलू लागण्याचे वय तेच. स्वमग्नता आईबापांच्या ध्यानात येते तीही त्याच सुमारास.

ही भीती जगभर पसरली ती १९९८ साली. अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टराने फक्त १२ मुलांवरून लेख लिहिला आणि लसीवर संशय घेतला. पुढे त्यातली लबाडी उघडी पडली. २०१० साली छापणाऱ्यांनी तो लेख मागे घेतला. त्याच साली त्या डॉक्टराचे नावही डॉक्टरांच्या यादीतून काढले. डेन्मार्क देशात ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासली. २०१९ साली निकाल आला : सुई घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त नव्हती.

उलट एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. बाई पोटुशी असताना तिला रुबेला झाला तर तो पोटातल्या बाळाला गाठतो. रुबेला म्हणजे गोवरासारखाच, पण सौम्य दिसणारा ताप. आईला दोन दिवस पुरळ, बाळाचे मात्र डोळे, कान, काळीज अधू. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत याची मोठी साथ आली. न्यूयॉर्कच्या स्टेला चेस या डॉक्टरीणबाईंनी अशी २४३ मुले तपासली. त्यांत स्वमग्नता नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघाली. म्हणजे लोक ज्या सुईला भितात, तीच सुई स्वमग्नतेचे एक कारण अडवते. महाराष्ट्रात ही गोवर-रुबेलाची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली.

म्हणून पोटुशीला साधा ताप आला तरी घाबरून जाऊ नये. ताप आलेल्या बहुतेक आयांची बाळे धडधाकट असतात. पण ताप अंगावर काढू नये.

सुई चुकली तर काय होते? २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात घाटकोपरजवळच्या गोवंडीत गोवर पसरला. कुर्ला, मालाडकडेही गेला. काही लेकरे दगावली. करोनाच्या काळात सुया राहून गेल्या होत्या, आणि काही घरांत भीतीही होती. मग महापालिकेला घरोघर हिंडून लहान मुलांना जादा सुई द्यावी लागली.

घाटकोपरच्या त्या बाईला आम्ही हेच सगळे सांगितले. धाकटीला सुई द्या, आणि थोरल्याला दवाखान्यात न्या, असेही सांगितले.

थोरल्याला अंगातले विष काढणारी औषधे मात्र देऊ नयेत. अशी औषधे विकणारे शहरात पुष्कळ भेटतात. त्यांनी स्वमग्नता जात नाही, पैसा जातो, आणि कधी जीवावर बेतते. मुलाशी रोज बसून खेळणे, बोलणे, खुणा शिकवणे याचा उपयोग होतो. जितके लवकर तितके बरे.

मूल वर्षाचे झाले तरी हाकेला वळत नसेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्या. मुंबईत महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात मुलांचा विभाग असतो. गावात अंगणवाडीत तपासणीचे पथक वर्षातून दोनदा येते. त्यांना सांगा. ते पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला अपंगत्वात धरले आहे, तेव्हा सरकारी दाखला मागता येतो. जाताना सुयांचे कार्ड बरोबर न्या. कार्ड हरवले असले तरी जा. नवीन मिळते.