लँड कॉन्ट्रॅक्टवर घर विकताना

चि. बंड्यास,


डेट्रॉइटचं जुनं घर तू लँड कॉन्ट्रॅक्टवर विकतोयस, असं दादाकडून कळलं. बँक ज्याला दारात उभं करत नाही त्याला घर मिळतं, तुला व्याजासकट हप्ता येतो. व्यवहार वाईट नाही. पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत डीड तुझ्याच नावावर राहतं. आपल्याकडे साठेखतावर ताबा द्यावा आणि खरेदीखत कित्येक वर्षांनी करावं, तसंच हे. तेवढी वर्षं ते कुटुंब तुझ्या भरवशावर असणार.

शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये या भरवशाचं काय झालं ते विसरू नकोस. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत सरकारी हमीची कर्जं मिळत नसत, म्हणून त्यांना हाच रस्ता उरला होता. तिथल्याच क्लाइड रॉस यांनी १९६१ मध्ये २७,५०० डॉलरला घर घेतलं. विकणाऱ्याने ते सहाच महिने आधी १२,००० ला घेतलं होतं. हप्ता चुकला की घर जायचं, भरलेले पैसेही जायचे आणि तेच घर पुढच्याला विकलं जायचं. घेणारा बुडण्यातच विकणाऱ्याचा नफा होता! अखेर १९६८ मध्ये या खरेदीदारांनी संघटना बांधली, हप्ते रोखले आणि पुढे ते कोर्टात गेले.

तुझा करार असा हवा, की घेणाऱ्याने सगळे हप्ते फेडण्यातच तुझं हित असेल. त्या घरावर तुझं कर्ज असेल तर आधी फेड. नाहीतर तो तुला हप्ते भरत राहील आणि बँक मात्र सगळी रक्कम एकदम मागून घर लिलावात काढू शकेल. कराराची नोंद काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे कर. डीडवर आत्ताच सही करून ते टायटल कंपनीकडे ठेव. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर त्याने तुझ्या वारसांच्या मागे धावू नये. मालमत्ता कराचे पैसे हप्त्यातच घे आणि वेळेवर भर, कारण कर तीन वर्षं थकला की काउंटी घरच घेते. छप्पर, फर्नेस, नळ त्याला स्वतःच्या माणसाकडून तपासून घेऊ दे. पाच वर्षांनी उरलेली रक्कम एकदम द्यायची, ही अट घालूच नकोस.

हप्ते थकले, तर मिशिगनमध्ये कोर्टाच्या निकालानंतर थकबाकी भरायला ९० दिवस मिळतात. निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम फेडली असेल तर सहा महिने. पण कोर्टात जाण्याआधी एकदा त्याच्या घरी जा, अडचण विचार.

त्याचा वकील वेगळा असू दे. परवडत नसेल तर फी तू दे. मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव.

तुझी आत्या