गुरुवारची सुट्टी आणि प्रभूचा दिवस



पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी आपल्यापैकी कित्येकजण पाळीवर असतात. मग विसावा कधी घ्यावा?

प्रेषित थकून परतले, तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले (मार्क ६:३०-३१). आपण मात्र गुरुवारी झोप, बाजार आणि राहिलेली कामे उरकतो. शरीर घरी असते, मन कारखान्यातच राहते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली ‘दिएस दोमिनी’, म्हणजे ‘प्रभूचा दिवस’, या पत्रातून रविवारचे मोल समजावून सांगितले. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आहे. गुरुवार त्याची जागा घेऊ शकत नाही. पण पाळीमुळे रविवारी येणे जमत नसेल, तर शनिवारी सायंकाळच्या मिस्सेनेही हे कर्तव्य पूर्ण होते (कॅनन १२४८). म्हणून पाळीचे वेळापत्रक लागताच कुटुंबाची मिस्सा ठरवू या.

आणि गुरुवारी? मोबाईल बाजूला ठेवून अर्धा तास शुभवर्तमान वाचू या, घरच्यांसोबत निवांत जेवू या, आजारी शेजाऱ्याला भेटू या. थकलेल्यांना बोलावणारा प्रभू आपणां सर्वांस आपला विसावा देवो.