मेरुरज्जू-उत्तेजक यंत्र बसविलेला कटिशूलाचा रुग्ण

विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवून, पुढे हैदराबाद वा पुण्यास मणक्याची शस्त्रक्रिया करवून, तरीही कंबर धरून येणारा रुग्ण नांदेड-लातूरच्या वैद्यबंधूंना नवा नाही. अशा एखाद्या रुग्णाच्या नितंबाच्या वरच्या भागी किंवा पोटाच्या बाजूस त्वचेखाली चपटी डबी हाताला लागेल. ती लागताच तेलाची वाटी बाजूस ठेवून आधी विचारपूस करावी, यासाठी हा लेखप्रपंच.

वेदनेचे संवेदन मेरुरज्जूच्या पातळीवरच अडविता येते, असा सिद्धांत मेलझॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडला. त्याच्या आधारे १९६७ साली अमेरिकेतील डॉ. नॉर्मन शीली यांनी एका कर्करोगपीडित रुग्णात पहिले यंत्र बसविले. मेरुरज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत बारीक तारा, त्वचेखाली बॅटरीची डबी आणि रुग्णाच्या हाती रिमोट, अशी याची रचना असते. प्रथम तारा तात्पुरत्या बसवून साधारण आठवडाभर परीक्षा करतात. वेदना निम्म्याने तरी कमी झाली तरच पुढचा विचार होतो. खर्च काही लाखांचा. जुन्या पद्धतीच्या यंत्रात वेदनेच्या जागी मुंग्या जाणवतात, आणि उताणे निजल्यावर रज्जू तारांच्या अधिक जवळ आल्याने त्या एकाएकी वाढतात. रुग्ण अभ्यंगाच्या टेबलावर दचकला तर त्याचे कारण वातप्रकोपात शोधू नये!

यंत्राचा गुण किती, यावर आधुनिक वैद्यकातही एकमत नाही. नॉर्वेतील ५० रुग्णांच्या चाचणीत (२०२२) यंत्र चालू व बंद या दोन अवस्थांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेनेही केवळ कटिशूलासाठी त्याच्या उपयोगास दुजोरा दिला नाही. तथापि म्हणून रुग्णाला ‘काढून टाका’ असे सांगण्याचा अधिकार आपणास पोहोचत नाही. ज्याला आराम आहे त्याचा आराम आपण मोडू नये.

सुश्रुताचार्यांच्या दृष्टीने शरीरात राहून पीडा देणारी बाह्य वस्तू म्हणजे शल्य. येथे पीडा घालविण्यासाठीच बाह्य वस्तू आत ठेवली आहे. तिचे रक्षण हाच चिकित्सेचा पहिला नियम ठरतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे तारा सरकण्याचे भय असते. वाकणे, पिळणे, ओझे उचलणे वर्ज्य. या काळात अभ्यंग, कटिबस्ती व वमन करू नये असे आमचे मत आहे. जखम भरल्यावरही डबीवर व तारांच्या मार्गावर मर्दन, कटिबस्ती, पोटलीस्वेद, अग्निकर्म, विद्धकर्म किंवा जळवा टाळाव्यात. हातापायांस मृदू अभ्यंग करण्यास सहसा अडचण नसते, मात्र शल्यचिकित्सकास विचारून. मणके ‘बसविण्याचे’ झटके कधीही देऊ नयेत.

सर्वांत मोठा धोका मात्र आपल्या शास्त्रातला नव्हे. अनेक पंचकर्म केंद्रांत वात-व्याधीसाठी शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र ठेवलेले असते. मेरुरज्जू-उत्तेजक असलेल्या रुग्णास ते, शरीराच्या कोणत्याही भागावर, पूर्णपणे निषिद्ध आहे. ऊर्जा तारांतून आत जाऊन टोकाशी दाह होतो व मेरुरज्जूस कायमची इजा होऊ शकते. यंत्र बंद ठेवूनही हे टळत नाही. उपचारार्थ वापरावयाच्या अल्ट्रासाउंडबाबतही हीच दक्षता घ्यावी. एमआरआय काही यंत्रांत ठराविक अटींवर चालतो, काहींत नाही. म्हणून रुग्णाजवळचे ओळखपत्र पाहावे.

औषधी विक्रेत्यांसाठी दोन शब्द. गुग्गुळकल्प सुरू केले म्हणून प्रिगॅबालिन वा ट्रामाडोल एकदम सोडण्यास सांगू नये; ती चिकित्सकाच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागतात. बॅटरी बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर चालू असलेले गुग्गुळ व लसूण यांचे कल्प शल्यचिकित्सकास कळविण्यास रुग्णाला सांगावे, कारण रक्त गोठण्यावर त्यांचा परिणाम संभवतो. चार्जिंगच्या यंत्राचा रुग्ण खेड्यातला असेल तर वीज असताना वेळेवर चार्ज करण्याची आठवण द्यावी.

डबीजवळ लाली, सूज, स्राव वा ज्वर दिसल्यास लेप लावून वाट पाहू नये. पायातील बळ अचानक कमी झाले, किंवा मलमूत्रावरील ताबा गेला, तर रुग्णास त्याच तासाला रुग्णालयात धाडावे, आणि सोबतच्या चिठ्ठीत यंत्राचा उल्लेख ठळक अक्षरांत करावा.